शेवटचा चिंचोका

गदग
९ जून २०१७

प्रिय मिंगेलबाब,

काल गुरुवारी दुपारी चार वाजता टेबलावर तुमचं 'तांडेल' हे नाव दिसलं आणि मी एवढ्या मोठ्यानं "आला!" म्हणालो की सून स्वयंपाकघरातून धावत आली.

"कोण आलं, मामा?"

"तांडेल."

"कुठाय?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "मग त्यांचा चहा ठेवू, की तोही पडद्यावरच घेतील?"

तीन गुरुवार तुम्ही नव्हतात. एक-दोन रुपयांचं आपलं टेबल, सहा खुर्च्या, पण तुमची रिकामी असली की पोकर खेळल्यासारखं वाटत नाही. इतर लोक चिप्स ढकलतात आणि जातात. कुणी कुणाला राम राम करत नाही.

पण काल तुमच्या हातून जे झालं त्यानं मला रात्रीचं जेवण गेलं नाही. तो कोचीचा नवा गडी. त्याच्यापुढे मूठभर चिप्स उरले होते, त्यानं ते सगळे पुढे ढकलले. तुमच्या हातात अठ्ठ्यांची जोडी. आणि तुम्ही पानं टाकलीत! वर पानं उघडी करायचं बटणही दाबलंत, म्हणून मला दिसलं. वीस मिनिटांनी नव्व्यांची जोडी आली, समोर पुन्हा तोच, पुन्हा टाकलीत. मधल्या जोड्या आणि समोर थोडे चिप्स, याच एका गोष्टीवर आपण दोघांनी वर्षभर टपाल खर्च केलं. डोकं ठिकाणावर आहे ना?

एप्रिलमध्ये लिहिलं होतंत त्या रिपोर्टचं पुढे काय झालं? घरी सांगितलंत का? मी तेव्हाही म्हटलं होतं, सांगून टाका.

आपला,
रुद्रप्पा मुळगुंद (निवृत्त तारमास्तर)


पियेदाद, दिवाडी
१७ जून २०१७

तारमास्तर,

पत्र मिळालं. हल्ली हात थरथरतो, म्हणून लिबेराताच्या टाइपरायटरवर लिहितो आहे.

तब्येत बरी आहे. वयामुळे विसरायला होतं. एप्रिलमध्ये मी तुम्हाला नक्की काय लिहिलं होतं? कोणता रिपोर्ट? सविस्तर कळवा.

अठ्ठ्यांचंही पुन्हा एकदा समजावून सांगा. समोरच्याकडे इतके थोडे उरले होते, म्हणून सोडून दिलं. त्यात चुकलं काय?

आपला,
मिंगेल आंद्राद

(कार्बन प्रतीच्या मागे, पेनानं)

मिंगेल,

आयुष्यात पहिल्यांदा खोटी सही केली. तीही नवऱ्याची. शाळेतल्या सिस्टर बेनेदिक्तानं हातावर पट्टी मारली असती आणि वर अख्खी जपमाळ म्हणायला लावली असती.

तू गेलास त्याला आज बत्तीस दिवस झाले. फेरीबोट धक्क्याला लागत होती. तू फेरीचं सुकाणू धरणारा तांडेल म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी रोजच्यासारखा जुन्या सोबत्यांना "डावीकडे घे रे, डावीकडे" म्हणून ओरडत होतास, आणि खाली बसलास. डॉक्टर म्हणाले, हृदय. गावातल्या बायका म्हणाल्या, भाग्यवान, अंथरूण धरलं नाही. मीही ते धरून चालले होते.

तुझी पाटी मी फडक्यात बांधून कपाटात ठेवली होती. पोरांच्या पाटीएवढा तो टॅबलेट, त्याला पाटीशिवाय दुसरं काही मी कधी म्हटलंच नाही. त्या गुरुवारी चार वाजता कपाटात ती गुरगुरली. उघडली तर लिहिलेलं, 'तुमची खुर्ची वाट पाहत आहे.' मी बसले. वर्षभर तुझ्या मागे बसून मी भाजी चिरली आहे, इतपत समजतं मला. तू त्या पाटीत काय बघत होतास ते मला एकदा बघायचं होतं.

आणि आता हे पत्र. या तारमास्तराची पत्रं पोस्टमन धक्क्यावर तुझ्याच हातात द्यायचा म्हणे. या वेळी तू नव्हतास, म्हणून घरी आणून दिलं.

कसला रिपोर्ट, मिंगेल?

त्या दिवशी सकाळी तू पाव आणायला जाणार होतास. पाव गार होतील म्हणून मी दोनदा हाक मारली आणि तू पाटी सोडेनास. मी म्हणाले, "जा, त्या पाटीशीच संसार कर. मला पुन्हा तोंड दाखवू नकोस." तू हसलास आणि गेलास. आपल्याला मूल नाही, घरात दुसरा आवाज नाही. पस्तीस वर्षांतलं शेवटचं बोलणं ते.

तुला माहीत होतं का? माहीत असून तू मला तसं बोलू दिलंस का? एवढंच मला कळायला हवं. बाकी काही नको.


गदग
२८ जून २०१७

प्रिय मिंगेलबाब,

तुमचं टाइप केलेलं पत्र मिळालं. फार स्वच्छ टाइप. एकही खाडाखोड नाही.

अठ्ठ्यांचं विचारलंत. सांगतो, सावकाश वाचा.

हातात एक्के, राजे किंवा राण्यांची जोडी आली तर कुणाला विचारायचं कारण नाही. दुर्री-तिर्रीची आली तर फारसा जीव लावू नये. सगळी भानगड मधल्या जोड्यांची, सत्तीपासून दश्शीपर्यंत. त्या चांगल्या असतात, पण टेबलावर एखादी राणी नाहीतर राजा उघडला की फिक्या पडतात.

समोरच्यापुढे चिप्सचा ढीग असेल तर वाट पाहणं परवडतं. थोडेसे घालावे, टेबलावरची पहिली तीन पानं बघावीत. त्यात तिसरी अठ्ठी साधारण आठ वेळांतून एकदा येते. सात वेळा थोडं थोडं जातं, आठव्या वेळी त्याच्या ढिगातून सगळं भरून येतं. पण ज्याच्याकडे थोडंच उरलं आहे, त्याच्यापुढे तिसऱ्या अठ्ठीची वाट पाहून उपयोग नाही. ती आली तरी त्याच्याजवळ द्यायला काय आहे? तिथं जे ठरवायचं ते आत्ता. एक तर सगळं लावा, नाहीतर सोडा. आणि बहुतेक वेळा लावाच. कारण चिप्स संपत आलेला माणूस एक्का-चौकी, राजा-नव्वी, कशावरही सगळं ढकलतो. दहात सहा-सात वेळा तुमच्या अठ्ठ्या पुढे निघतात.

आमच्या तारेसारखंच आहे. पैसे भरपूर असले की माणूस 'सर्व क्षेम, लोभ असावा' लिहितो. पत्त्यासकट आठच शब्दांचे पैसे खिशात असले की 'आई गेली, नीघ' एवढंच लिहितो. त्याला वाट पाहायला जागा नसते.

एप्रिलच्या रिपोर्टचं विशेष काही नाही. दातांचं काहीतरी होतं. मीच उगाच वाढवून लिहिलं.

घरी बाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी दुपारचं जेवण टाळू नये.

आपला,
रुद्रप्पा


पियेदाद, दिवाडी
१० जुलै २०१७

तारमास्तर,

तुमचा हिशेब समजला. पटला नाही. ज्याच्याकडे मुळात मूठभर आहे त्याची ती मूठ उघडून घेण्यात कसली मर्दुमकी? तो आपणहून उठून जाईल तेव्हा जाईल. मी का त्याला उठवू?

दुसरं. माझे दात २००९ सालापासून रोज रात्री ग्लासात असतात. ग्लासातल्या दातांचा रिपोर्ट कोण काढतं? तुम्ही चांगले गृहस्थ आहात असा माझा समज आहे. तो तसाच राहू द्या आणि खरं काय ते लिहा.

तुम्ही गेले दोन गुरुवार टेबलावर नव्हतात. का?

मिंगेल आंद्राद

(कार्बन प्रतीच्या मागे, पेनानं)

मिंगेल,

तुझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळाकडे जाणाऱ्या बसची तीन तिकिटं सापडली. मार्चमधली दोन, एप्रिलमधलं एक. त्या तिन्ही दिवशी तू मला म्हणाला होतास की मांडवीच्या पलीकडे जुनं जाळं विकाऊ आहे ते बघून येतो. मी तुला म्हणाले होते, "पासष्टीला आलास, आता मासे धरणार?" तू म्हणालास, "मासे नाही मिळाले तरी तुझी बोलणी तर चुकतील." आणि मी हसले. देवा, मी हसले होते.

धक्क्यावर तुझ्या जुन्या सोबत्याला, सांतानला, गाठलं. "सांतान, खरं सांग, शेवटी शेवटी तो तुझ्याशी काय बोलायचा?"

"काय बोलणार वहिनी! तुमच्या तक्रारी."

"कसल्या तक्रारी?"

"आज कढीत मीठ जास्त म्हणून ओरडली, आज चपला आत आणल्या म्हणून ओरडली. पण वहिनी, सांगताना असा खूश असायचा की आम्हाला वाटायचं याला बक्षीस लागलं."

मला यातलं काही कळत नाही. शेवटी शेवटी तू आत दार लावून त्या पाटीपुढे बसायचास, ते माझ्यापासून पळायला असं मी समजत होते. घरच्या बोलण्याला कंटाळलेला माणूस धक्क्यावर जाऊन तेच खुशीनं का सांगेल?


गदग
२ ऑगस्ट २०१७

आदरणीय लिबेराताबाई,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. चौतीस वर्षं शब्द मोजून दिले-घेतले, पण या पत्राला किती शब्द लागतात ते मला ठरवता आलं नाही.

मला माहीत आहे की पत्रं तुम्ही लिहीत आहात. आणि माझा मित्र आता नाही.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा वाटलं, मिंगेलबाब आजारानं थकले, म्हणून चुकताहेत. त्यानंतरच्या गुरुवारी टेबलावर चेन्नईची एक बाई होती. तिनं शेवटचे चिप्स ढकलले. तुमच्याकडे दश्श्यांची जोडी होती. तुम्ही पानं टाकलीत, आणि पुन्हा उघडी केलीत. मग माझ्या ध्यानात आलं की ते बटण चुकून दाबलेलं नव्हतं. आपण काय सोडतो आहोत ते समोरच्याला दिसावं, त्याला वाईट वाटू नये, म्हणून तुम्ही ते दाबत होता. मी उठून पेटी उघडली आणि मागच्या नाताळातलं मिंगेलबाबचं पत्र काढलं. त्यातल्या ओळी अशा:

'आमची लिबेराता चांदरची. तिच्या माहेरी नाताळात चिंचोके वाटून पत्ते खेळतात. तिच्या आजोबांचा, त्यांच्या शापायचा, कडक नियम होता. कुणाचा शेवटचा चिंचोका घ्यायचा नाही. लहानपणी तिनं एकदा घेतला, तर शापायनं तो परत करायला लावला आणि पाया पडायला लावलं. ती ते आजवर विसरली नाही. तारमास्तर, पस्तीस वर्षं मी तिच्याशी खेळतो आहे आणि एकदाही नीट हरलो नाही. माझे चिंचोके संपत आले की बाईसाहेब हातातली चांगली पानं टाकतात. असं जिंकण्यात चव नाही.'

असं खेळणारं दुसरं माणूस मला ठाऊक नाही. तांडेलच्या खुर्चीवर तुम्ही बसलात, तेव्हा तांडेल कुठे आहे ते मला समजलं. तरीही २८ जूनचं पत्र मी त्याच्याच नावानं लिहिलं. तुम्हाला तो जिवंत असल्यासारखं बोलायचं असेल तर तो हक्क तुमचा, असं मला वाटलं. दात मी घाईत शोधले. माफ करा. त्यानंतर टेबलावर बसवलं नाही.

रिपोर्टचं मी सांगू शकत नाही. मी त्याला वचन दिलं आहे. पहिल्या पत्रात माझ्या हातून निसटलं, तेवढं पाप पुरे.

आपला,
रुद्रप्पा मुळगुंद


पियेदाद, दिवाडी
९ ऑगस्ट २०१७

श्री. रुद्रप्पा मुळगुंद यांस,

हे हातानं लिहिते आहे. याची प्रत ठेवलेली नाही.

तुम्ही मला चार आठवडे माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या नावानं पत्र लिहायची वेळ आणलीत आणि आता वचनाची गोष्ट करता. ज्याला वचन दिलंत तो पियेदादच्या चर्चमागे मातीत आहे. मी वर आहे. मला रोज उठून पाव आणायला जावं लागतं.

तुम्हाला काय माहीत आहे ते मला ठाऊक नाही, पण तुम्हाला काय माहीत नाही ते सांगते. सोळा मेच्या सकाळी मी त्याला म्हणाले, मला पुन्हा तोंड दाखवू नकोस. तासाभरात चौघांनी त्याला उचलून घरी आणलं. फादरना मी कन्फेशनमध्ये सांगितलं. ते म्हणाले, "बाई, हे नवरा-बायकोचं बोलणं, याला पाप म्हणत नाहीत." मला पाप आहे की नाही ते नको आहे. त्यानं ते ऐकलं तेव्हा त्याच्या मनात काय होतं ते हवं आहे. ते सांगू शकेल असा एकच माणूस उरला आहे, तो गदगला बसून वचन सांभाळतो आहे.

तुम्ही तारमास्तर होता ना? चौतीस वर्षं? एक सांगा. दुसऱ्याच्या नावची तार तुमच्या हातात आली आणि तुम्ही ती आपल्या पेटीत ठेवलीत, असं एकदा तरी झालं होतं का?

लिबेराता आंद्राद


गदग
३० ऑगस्ट २०१७

लिबेराताबाई,

नाही. एकदाही झालं नव्हतं.

एकदा नरगुंदच्या एका घरी मी स्वतः सायकलवरून तार घेऊन गेलो होतो, कारण शिपाई आजारी होता. मजकूर वाईट होता. दारात लग्नाचा मांडव. घरमालक म्हणाला, "मास्तर, उद्या द्या की, आज अक्षता आहेत." मी दिली. त्यानं मला जन्मभर शिव्या दिल्या असतील. पण तार ज्याची त्याची असते.

तुमचं पत्र तीन आठवडे उशाशी ठेवलं. सून म्हणाली, "मामा, त्या पत्राला निदान उत्तर तरी द्या, नाहीतर मीच देते."

सोबत मिंगेलबाबचं पत्र आहे. नक्कल नाही, त्याच्या हाताचंच आहे. माझ्याकडे फक्त पोचवायचं काम होतं, ते मी चार महिने उशिरा करतो आहे.

त्याला मी लगेच उत्तर पाठवलं होतं. लिहिलं होतं: 'मिंगेलबाब, तुमच्यापुढे आता मूठभरच उरले आहेत. तिसऱ्या अठ्ठीची वाट पाहू नका. आज सांगा.' त्यावर त्याचं एका ओळीचं कार्ड आलं, 'ऑगस्टात आमच्या बेटावर बोंदेराचा सण असतो, तो होऊ दे, मग सांगतो.' ज्यानं मला शिकवलं तोच वाट पाहत बसला. बोंदेरा गेल्या शनिवारी झाला असेल.

मी आणखी एक पत्र लिहायला हवं होतं. सरळ तुम्हाला. लिहिलं नाही.

रुद्रप्पा


(सोबत जोडलेलं, वहीच्या कागदावर)

दिवाडी
२१ एप्रिल २०१७

तारमास्तर,

आज अठ्ठ्यांबद्दल लिहीत नाही.

बांबोळीला रिपोर्ट मिळाला. पोटात आहे आणि पसरलं आहे. डॉक्टर पोरगेलासा, माझ्याकडे न बघता टेबलाकडे बघून बोलत होता. मी म्हटलं, "बाबा, सरळ सांग, मी फेरी चालवलेली आहे, पाणी कुठे उथळ आहे ते मला कळतं." म्हणाला, सहा महिने. नशीब चांगलं असलं तर नाताळ.

घरी सांगितलेलं नाही. तुम्ही रागावाल. पण तुम्ही लिबेराताला खेळताना बघितलेलं नाही. समोरच्याचे चिंचोके संपत आले की ती काय करते ते मी तुम्हाला लिहिलं होतं. तिला कळलं की माझे संपत आले आहेत, तर ती हातातलं सगळं टाकेल. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात आणि मऊ आवाज. चपला आत आणल्या तरी बोलणार नाही. कढी मीच नासवली तरी म्हणेल, राहू दे मिंगेल. मला ते सोसणार नाही, मास्तर. कुणी दया म्हणून पानं टाकली तर आपण खेळतच नाही, नुसते खुर्चीवर असतो.

काल तिनं मला पाटीवरून पाऊण तास झोडपलं. अशी लाल होते, पदराचं टोक कमरेला खोचते आणि मध्येच इंग्रजीत शिरते, शाळेतल्या सिस्टरसारखी. मी दार लावून घेतलं आणि आत हसत बसलो. मुद्दामच लावतो मी दार. लावलं की आणखी दहा मिनिटं मिळतात.

हे सगळं तुमच्यापाशीच राहू द्या. वचन द्या. देता ना?

मिंगेल

ता. क. गुरुवारी चेन्नईच्या बाईवर सत्त्यांची जोडी घेऊन गेलात ते झकास. तसंच खेळायचं.


पियेदाद, दिवाडी
१३ ऑक्टोबर २०१७

रुद्रप्पा,

तुमचं पाकीट मिळून महिना उलटला. त्यातलं पत्र मी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आहे, त्या तीन तिकिटांपाशी. त्याची अक्षरं शेवटच्या ओळींत खाली उतरत गेली आहेत, ते तुम्ही बघितलं होतं का? फेरी रिकामी झाली की एका बाजूला कलते, तशी.

आधी राग सांगते, कारण तो आधी आला. त्यानं माझी परीक्षा घेतलीच नाही. मी पानं टाकीन असं त्यानं आपलं आपण ठरवलं. बरोबर ठरवलं, टाकली असती. मऊ भातही शिजवला असता, कढीला नावं ठेवली नसती, आणि त्याच्या पाठीमागे स्वयंपाकघरात रडले असते. पण चार दिवसांनी त्यानं चपला आत आणल्या असत्या आणि माझ्या तोंडून निघालंच असतं. पस्तीस वर्षांची सवय अशी जाते का? तेवढे चार दिवस त्याला धीर धरवला नाही. शेवटी पानं त्यानं टाकली, मी नाही. आणि तुम्ही ती झाकून ठेवलीत. दोघांना मी अजून माफ केलेलं नाही. करीन असं वाटतं. तारीख सांगता येत नाही.

दुसरं सांगायचं ते असं. त्या सकाळी मी त्याला जे बोलले ते ऐकून तो हसत गेला. मला वाटलं होतं, तो मला हसला. आता वाटतं, त्याला जे हवं होतं ते मिळालं. एवढं धरून बसते. कधी त्यानं बरं वाटतं, कधी वाटतं की मीच माझ्या सोयीनं ते तसं वाचते आहे. हे आता कुणाला विचारणार?

काल गुरुवारी चार वाजता पाटी उघडली. पाच आठवडे उघडली नव्हती. तुम्ही होतात. तुमच्यापुढे मूठभरच चिप्स होते. माझ्या हातात दोन अठ्ठ्या आल्या, बदामची आणि किलवरची. तुम्ही सगळे पुढे ढकललेत.

माझं बोट नेहमीच्या बटणावर गेलं. शापायनं माझा हात त्या दिवशी असा धरला होता, मनगटापाशी, की अजून तिथं दुखल्यासारखं होतं. मग मला मिंगेलची ओळ आठवली, नुसते खुर्चीवर असतो ती. मी बोट उचललं आणि तुमच्या सगळ्यावर माझं लावलं.

तुमच्याकडे एक्का-सत्ती होती. मला तर वाटतं तुम्ही मुद्दामच ढकललेत, पण ते सोडा. टेबलावर पाच पानं उघडली तेवढ्या वेळात मी आव्हे मारिया दोनदा म्हटली, आणि नक्की कुणासाठी म्हणत होते ते मला माहीत नाही. एक्का आला नाही. अठ्ठ्या टिकल्या. तुमचे चिप्स सरकत माझ्याकडे आले आणि तुमचं नाव पडद्यावरून गेलं.

खुर्ची रिकामी झाली ती मी बघत राहिले. वाटलं, उठावं आणि ही पाटी मांडवीत टाकून यावी. कोचीचा तो गडी खेळायची वाट बघत होता, बटण लुकलुकत होतं. तेवढ्यात त्याच खुर्चीवर, नवे चिप्स घेऊन, पुन्हा 'तारमास्तर' उगवलं आणि खालून तुमचे शब्द आले: 'लिबेराताबाई, झकास. तसंच खेळायचं.'

ज्याचा शेवटचा चिंचोका घेतला तो माणूस पुन्हा येऊन बसू शकतो, हे आमच्या शापायनं मला कधी सांगितलं नव्हतं. चौसष्टाव्या वर्षी कळलं. सगळेच येत नाहीत, तेही मला कळतं. आणि एकाची खुर्ची तर मीच अडवून बसले आहे. पडद्यावर माझ्या चिप्सवर अजून 'तांडेल' असं लिहून येतं.

ते काढून तिथं माझं नाव कसं घालायचं, ते तुमच्या सुनेला विचारून कळवा. घाई नाही.

लिबेराता